वरचे सूर येत नाहीत

३ तारीख, मंगळवार

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ती मामाच्या दुरुस्तीच्या दुकानात आली आणि माझं सगळं बदललं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण नेमका त्याच वेळी मी मामाशी भांडत होतो आणि मामा भिंतीवरच्या घड्याळाकडे पकड रोखून म्हणत होता, "अकरा वीस. दुकान दहाला उघडतं. कॉलेज तर सोडलंसच, आता दुकानही सोडायचं आहे का?" माझ्या तोंडाशी आलेलं उत्तर चांगलं झणझणीत होतं. ते तसंच राहून गेलं.

तिनं चादरीत गुंडाळलेला अँप्लिफायर दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. मी धावलो. ओझं घेताना गुडघा काउंटरच्या कोपऱ्यावर असा आपटला की डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

तिनं आधी माझ्या बाहीला बोटांनी हलकेच स्पर्श केला. मग थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग बोलली, एकेक शब्द सुटा आणि खणखणीत. "हा माझ्या बाबांचा आहे. वरचे सूर येत नाहीत म्हणतात. खालचं सगळं नीट आहे."

असं माझ्याशी आजवर कोणीही बोललेलं नाही. कॉलेजात सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे. घरी बाबा वर्तमानपत्राआडून बोलतात. ही मात्र अशी बोलली, की जगात ऐकणारा मी एकटाच आहे.

मामा म्हणाला, "आठ दिवस लागतील." मी म्हणालो, "चार."

ती गेल्यावर मामानं चष्मा कपाळावर ढकलला. "ती बहिरी नाही, तूही नाहीस. मग दोघं एवढ्या मोठ्यानं का बोलत होतात?"

मामाला या गोष्टी कळत नाहीत. त्याचं लग्नच झालेलं नाही.

५ तारीख, गुरुवार

कॉलेज सोडून चार महिने झाले. तिसऱ्या सत्रात, प्रॅक्टिकलच्या सरांशी भांडून. मामाकडे 'तात्पुरता' आलो, असं आई सगळ्यांना सांगते. या चार महिन्यांत मामानं मला व्हॉल्व्हला, म्हणजे जुन्या अँप्लिफायरमधल्या काचेच्या नळीला, हात लावू दिला नव्हता. सोल्डरचा डाग देणं, तारा सोलणं, झाडू मारणं, एवढंच. आज पहिल्यांदा लावू दिला, तोही माझ्या मागे उभा राहून.

"काच पकडू नकोस. खाली, बुडाशी धर. पिळायचं नाही, तो काय बल्ब आहे? इकडून तिकडं जरासं डोलवायचं, सैल झाला की सरळ वर. पिन वाकली तर तुझं मनगट वाकवीन."

चार मोठे व्हॉल्व्ह, तीन छोटे. उजवीकडच्या स्पीकरसाठी दोन मोठे, डावीकडच्यासाठी दोन. त्या दोघा-दोघांची ताकद सारखी असावी लागते, नाहीतर एक राबतो आणि दुसरा आरामात बसतो. चौघांवर कोणीतरी बारीक अक्षरात आकडे घालून ठेवले होते, १ ते ४. मामानं एकेक टेस्टरवर लावला. काटा हिरव्या पट्ट्यात. छोटेही हिरव्यात.

"हे अजून पाच वर्षं जातील," मामा म्हणाला. "बिघाड नाही. परत दे."

"गिऱ्हाईक सांगतंय बिघाड आहे."

"गिऱ्हाईक अजून आलेलंच नाही. गिऱ्हाईकाची मुलगी आली होती."

मी स्वतः लावून ऐकलं. खरं लिहायचं तर मला सगळं ऐकू आलं, अगदी तारेवरून नख घसरल्याचं सुद्धा. पण तिचे बाबा तीस वर्षं ध्वनिमुद्रक होते. पावतीवर पत्ता लिहिताना तिनंच सांगितलं. त्यांचे कान तयार. त्यांना काही कमी वाटतं म्हणजे ते कमी असणारच; आपल्याला ते कळण्याइतकी आपली लायकी नाही, एवढंच.

बिघाड नाही म्हणून परत दिला, तर ती एकदाच येईल. हाही विचार मनात आला. आला तर आला.

६ तारीख, शुक्रवार

आज माझं डोकं भिंतीवर आपटून घ्यावं असं वाटतंय.

मामा दुपारी जेवायला गेला होता. म्हटलं, नवे व्हॉल्व्ह बसवायचेच आहेत, तर जुने तिला परत देताना लख्ख करून द्यावेत. वर्षानुवर्षांची धूळ होती, तेलकट थर होता. स्पिरिट घेतलं, मऊ फडकं घेतलं, चारही पुसले. काय चमकले! खिडकीशी ओळीनं मांडून ठेवले.

मामा आला, बघितलं, आणि खुर्चीवर बसला. ओरडलाही नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आकडे कुठे आहेत?"

आकडे फडक्यावर होते. काळपट डाग. कंपनीचा छापील नंबरसुद्धा गेलेला.

"व्हॉल्व्हवरची शाई धुळीसारखीच असते, फुंकर मारली तरी उडेल अशी. म्हणून आम्ही तो पुसत नाही. कधीच नाही. कोण कोणाबरोबर वीस वर्षं चालला, ते आता कोण सांगणार?"

"टेस्टर सांगेल."

"टेस्टर काटा दाखवतो. चौघांचाही काटा हिरव्यातच आहे, तू पाहिलास."

मी म्हणालो, नाहीतरी ते बदलायचेच होते. मामा म्हणाला, "तुला बदलायचे होते." चौघांना कापसात गुंडाळून एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं. आता नवे बसवण्यावाचून इलाज नाही. म्हणजे मला हवं होतं तेच झालं, आणि तरी जेवण गेलं नाही.

९ तारीख, सोमवार

चार दिवसांत देतो म्हणालो होतो. आज सहावा.

शनिवारी फळीवरचे पहिले चार नवे व्हॉल्व्ह उचलले आणि बसवले. दहा मिनिटांत त्यातल्या एकाच्या आतलं धातूचं पान लाल झालं, चुलीतल्या निखाऱ्यासारखं. मला ते आधी सुंदरच वाटलं. मामानं झडप घालून बटण बंद केलं. म्हणाला, "नवा म्हणजे सारखा नव्हे. एका पेटीतले सख्खे भाऊसुद्धा सारखे नसतात. तू आणि तुझा दादा बघ."

दादाचं नाव काढायची काही गरज नव्हती.

आज पूर्ण दिवस निवडीत गेला. अकरा व्हॉल्व्ह. प्रत्येक टेस्टरवर वीस मिनिटं तापवायचा, मग किती वीज ओढतो ते वहीत लिहायचं. दोघांच्या डोक्यावरचा चंदेरी थर दुधासारखा पांढरा पडला होता. काचेत हवा शिरली की असं होतं, म्हणजे ते जन्मतःच मेलेले. एकाला पेन्सिलीनं टिचकी मारली तर स्पीकरमधून घंटेसारखा वाजला. उरलेल्या आठांतून दोन जोड्या जमल्या. माझी पाठ मोडली. मामा म्हणाला, "बरं केलंस." चार महिन्यांत पहिल्यांदा.

उद्या-परवा ती बोलावेल तेव्हा घरी नेऊन बसवून द्यायचं. ते मीच सुचवलं.

१२ तारीख, गुरुवार

तिच्या घरी गेलो. दोन जिने चढून, अँप्लिफायर खांद्यावर. घंटा वाजवली. आत ती नीट वाजली, मला बाहेर ऐकू आली. पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली. कोणी येईना. तेवढ्यात ती भाजीच्या पिशव्या घेऊन मागून आली आणि किल्लीनं दार उघडलं. आत तिचे बाबा खुर्चीत बसले होते, दारापासून दहा पावलांवर.

"घंटा बिघडलीये," काका म्हणाले. "कोणी आलेलं कळतच नाही."

मी लगेच बटण उघडून पाहिलं. काही सापडलं नाही. पत्रे जरा घासून दिले. तेवढ्यावरूनही ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की काय सांगू. काहीतरी सांगणार होती, पण पिशव्या उचलून आत गेली.

काकांची खोली बघण्यासारखी आहे. खिडकीला जाड पडदा, भिंतीला फळ्या, फळ्यांवर टेपांची चक्रं, प्रत्येकावर तारीख. मी चहा घेणार का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, "बिनसाखरेचा." काका म्हणाले, "साखर? आहे की, भरपूर घाल." गोडमिट्ट चहा प्यालो.

मग लावलं. काका डोळे मिटून ऐकत राहिले. दोन मिनिटं, चार मिनिटं.

"नाही," ते म्हणाले. "वरचं नाही. आणि आवाज केवढा ठेवलायस, मोठा कर."

मोठा केला. अजून मोठा केला. खिडकीची काच थरथरायला लागली.

"नाही रे. काम चांगलं आहे तुझं, पण वरचं नाही. आणि ही हल्लीची माणसं, बोलतातही सगळी तोंडातल्या तोंडात. तंत्रच बिघडलंय सगळीकडचं."

दारापर्यंत सोडायला ती आली. बाहीला हात लावला. "पुन्हा एकदा बघाल?"

मी म्हणालो, "शंभरदा."

१३ तारीख, शुक्रवार

टेस्टर फेकून द्यावासा वाटतो. त्याच्यासकट मामालाही.

१७ तारीख, मंगळवार

छोटे तिन्ही बदलून पाहिले. नवे लावले, जुने लावले, अदलाबदल करून लावले. सगळं ऐकू येतं. अगदी बटण फिरवतानाची करकर सुद्धा ऐकू येते. आणि काकांना येत नाही. रविवारी पुन्हा त्यांच्या घरी वाहून नेलं, पुन्हा 'नाही', पुन्हा जिन्यावरून खाली. खालच्या मजल्यावरची म्हातारी आता मला ओळखायला लागली. "आज काय, नेतोयस की आणतोयस?" असं विचारते.

मामा आज सहज विचारल्यासारखं म्हणाला, "गिऱ्हाईकाचं वय काय?"

मी म्हणालो, "असेल तेवीस-चोवीस."

मामानं डोळे मिटून घेतले. "अरे, गिऱ्हाईकाचं विचारलं."

"काकांचं? सत्तरीचे असतील. का?"

"काही नाही. काही बिघाड आपल्या टेबलावर दुरुस्त होत नसतात, एवढंच सांगायचं होतं. परत देऊन टाक तो. तू नाही सांगू शकत तर मी फोन करतो."

मला माहीत आहे त्याला काय म्हणायचंय. मी तिच्या लायक नाही, हे तो मला व्हॉल्व्हच्या भाषेत सांगतोय. कॉलेज अर्धं टाकलेला, घड्याळ न पाहणारा. मी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. त्याचं टोक मोडलं. मामा काही न बोलता दुसरा काढून देतो, तेव्हा सगळ्यात जास्त संताप येतो.

आईचा फोन. परीक्षेचा अर्ज महिनाअखेरपर्यंत भरता येतो म्हणे. मी म्हणालो, मी कामात आहे.

१९ तारीख, गुरुवार

ती दुकानात आली. मामा बाहेर होता. शाळा सुटल्यावर थेट आली होती. लहान मुलांना शिकवते, बोटांना खडू होता.

"तू रागावला नाहीस ना?" म्हणाली. तू! मी मोजलं, तिनं सहा वाक्यांत चारदा 'तू' म्हटलं.

मी म्हणालो, रागावायचं काय, हे माझं कामच आहे.

"बाबा तुझी वाट बघतात. तू येणार म्हटलं की दाढी करतात. गेलं वर्षभर ते कोणाशी बोलतच नव्हते. आता अँप्लिफायरबद्दल तरी बोलतात." मग बोटांचा खडू पुसत, "अजून थोडे दिवस हे चाललं तर तुला चालेल?"

चालेल? मला जन्मभर चालेल. हे बोललो नाही. 'चालेल' एवढंच बोललो.

पण मला थोडे दिवस नको आहेत. मला ते यंत्र असं वाजवून दाखवायचंय, की काका डोळे उघडतील आणि म्हणतील, आलं. त्याच क्षणी मी तिला सांगणार. हे ठरलं. आधी वरचे सूर, मग माझं.

२१ तारीख, शनिवार

लिहितो, म्हणजे नंतर मला पळवाट राहणार नाही.

मामाच्या कपाटात वरच्या कप्प्यात जुने व्हॉल्व्ह आहेत. आता बनत नाहीत असे. चार मोठे, स्वतः जुळवून ठेवलेले, आणि एका वेगळ्या खोक्यात एक छोटा. त्या खोक्यावर पेन्सिलीनं मोठी फुली मारलेली आहे. सगळ्यात अनमोल तोच असणार; कोणाला चुकून देऊ नये म्हणूनच मामानं खूण केली असणार. पाचही घेतले. विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता, आणि मग भांडून घ्यावेच लागले असते.

जुन्या चौघांचा कापसाचा डबाही पिशवीत टाकला. उद्या सगळं चुकतं करून टाकायचं.

मामा संध्याकाळी कपाटाजवळ घुटमळला असं वाटलं.

२२ तारीख, रविवार

सकाळी दहाला अँप्लिफायर घेऊन पोचलो. वेळेवर. काकांनी खरंच दाढी केली होती.

मामाचे चारही मोठे बसवले, काच न पकडता, बुडाशी धरून. फुलीचा छोटा पुढच्या सॉकेटात. तापू दिलं. काकांनी बटण नेहमीसारखं पार पुढं फिरवलं. एका बाईंचं गाणं सुरू झालं आणि त्याच्या मागोमाग एक शीळ. सुईसारखी बारीक, वाढत जाणारी, थेट कवटीत शिरणारी. तिनं दोन्ही हातांनी कान झाकले. समोरच्या घरातल्या कोणीतरी खिडकी धाडकन लावली. माझे दात शिवशिवले.

काका डोळे मिटून बसले होते. बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती.

"आता जरा बरं आहे," ते म्हणाले.

मला लगेच कळलं असं लिहिणं खोटं होईल. मी आधी व्हॉल्व्हकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, मग काकांच्या चेहऱ्याकडे. सगळ्यात शेवटी तिच्याकडे. ती कानांवरचे हात न काढता माझ्याकडे बघून मान हलवत होती. नको. नको. नको.

मी यंत्र बंद केलं.

"बंद का केलंस?"

"शीळ येत होती, काका."

"काय येत होतं?"

ती मधे आली. काकांच्या बाहीला हलकेच हात लावला, थेट त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बोलली, एकेक शब्द सुटा आणि खणखणीत. "बाबा, तो म्हणतोय अजून एक व्हॉल्व्ह बदलायला लागेल."

मी ते बघत उभा राहिलो. बाहीचा हात. ते बघणं. ते बोलणं. वीस दिवस मी जे उशाशी घेऊन झोपत होतो ते या घरात रोज सकाळी चहा देताना होत होतं. तळपायाची आग मस्तकाला गेली.

"काही बदलायला लागणार नाही," मी ओरडलो, इतक्या मोठ्यानं की त्यांनाही ऐकू गेलं. "तुमचं यंत्र पहिल्या दिवसापासून ठीक होतं. घंटाही ठीक आहे."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "डॉक्टरांचं याला तू सांगितलंस?"

तिनं नाही म्हणून मान हलवली, आणि माझा दंड धरून मला बाहेरच्या बोळात आणलं.

"तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

तुम्ही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"दोन डॉक्टरांनी सांगितलंय. मशीन आणून दिलं कानाचं, ते खणात पडलंय. कान गेले म्हटलं की ते उठून आत जातात, जेवत नाहीत. अँप्लिफायर बिघडलाय हे त्यांना चालत होतं. तेवढंच चालत होतं. मला वेळ हवा होता थोडा, हळूहळू सांगायला."

"आणि मी?"

ती खरंच गोंधळली. "तुम्ही काय?"

 

आतून काकांनी हाक मारली. "ए पोरा. माझे जुने व्हॉल्व्ह आणलेयस का?"

मी आत गेलो. डबा दिला. आणि सांगितलं, मोठ्यानं, त्यांच्या तोंडाकडे बघून, की मी ते पुसले. आकडे गेले. कोणाची जोडी कोणाशी, ते मला माहीत नाही. शरम वाटली.

त्यांनी पडदा सरकवला. एकेक व्हॉल्व्ह बुडाशी धरून उजेडात फिरवला, काचेला बोट न लावता. त्यांची बोटं जराही कापत नव्हती.

"बघ. या दोघांच्या डोक्यावरची चांदी एका अंगाला उतरलेली आहे. हा माझा डावीकडचा एक आणि हा दोन. आणि या दोघांची चांदी कडेनं करपलीये, हे उजवीकडे होते, भिंतीजवळ, तिथे हवा खेळत नाही. आकडे माझ्यासाठी नव्हतेच. माझ्या मदतनिसासाठी घातले होते, त्याला काही लक्षात राहायचं नाही."

मी मामाचे काढून दिले, त्यांनी आपले बसवले. मग पेन्सिल तिच्या हातात दिली. "छोट्यांना एकेक टिचकी मार. वाजेल त्याला हात वर कर." तिनं मारली. पहिल्यालाच तिचा हात वर गेला. त्यांनी तो काढून माझ्या तळहातावर ठेवला, जुना त्या जागी बसवला. ही शीळ मामाला ठाऊक होती. फुली त्यासाठीच होती.

पुन्हा गाणं लावलं, या वेळी बेताच्या आवाजात.

"शीळ गेली?"

"गेली, बाबा."

"वरचं?"

तिनं त्यांच्या बाहीला हात लावला. "आहे. सगळं आहे."

"मला नाही येत," काका म्हणाले. पहिल्यांदाच, यंत्राचं नाव न घेता. मग खुर्चीत मागे रेलून, "तू सांग. आता काय चाललंय?"

ती त्यांच्या पायाशी बसली. "आता वर गेल्या. तिथे आवाज जरा कापतोय."

"कापणारच. त्या दिवशी ताप होता बाईंना. मी म्हटलं उद्या करू, तर ऐकेनात. पुढे?"

"आता थांबल्यात. श्वास घेतला."

"तो मी ठेवला मुद्दाम. कापा म्हणत होते सगळे."

मी मामाचे पाचही व्हॉल्व्ह कापसात गुंडाळले. फुलीचा त्याच्याच खोक्यात. मामाला आज सगळं सांगायचंय, तो ओरडेल की नुसता बसून राहील, याचा विचार करत होतो. तिच्याकडे एकदा पाहिलं. तिची पाठ होती.

"येतो," म्हणालो. दोघांपैकी एकालाही ऐकू गेलं नाही.

यंत्र दाराजवळच्या टेबलावर होतं, आणि तापलेल्या व्हॉल्व्हला धक्का सोसत नाही. मी बाहेर पडलो, दाराची मूठ पिळून धरली आणि खटका अडकेपर्यंत दार हळूहळू ओढून लावलं.